धुळीवरचे तेल

१

टायरांच्या भिंतीत नाक खुपसून पडलेल्या करड्या गाडीतून मेकॅनिक इलियासभाईंनी बद्रीनाथला ओढून बाहेर काढले, तेव्हा हवेत उडालेली मुरमाची धूळ अजून जमिनीवर परतली नव्हती. माणसे धावत होती. कुणी पाणी आणा म्हणत होते, कुणी पाणी देऊ नका म्हणत होते. त्या गलक्यात, कुणी काही विचारायच्या आत, इलियासभाई खणखणीत आवाजात बोलले.

"ब्रेक गेला. गलती मेरी है. चाकापाशी ब्रेकच्या तेलाच्या नळीचा नट असतो, तो मीच ढिला सोडला."

डॉ. राहत जहागीरदार बद्रीनाथच्या मानेला आधार देऊन बसली होती. तिचे हात आपले काम करत राहिले. मन मात्र त्या वाक्यापाशी अडखळले. अपघातानंतर माणसे काय बोलतात हे तिने वर्षानुवर्षे ऐकले होते. आधी ती नाकारतात, मग दुसऱ्याकडे बोट दाखवतात, आणि कबुली आलीच तर ती सगळ्यांत शेवटी, पाय ओढत येते. ही कबुली प्रश्नाच्याही आधी पोचली होती.

शहाण्णव सालच्या जानेवारीतला तो रविवार. हर्सूलच्या तलावापलीकडचा माळ, दूरवर तुरुंगाची लांबलचक भिंत, आणि मध्ये चुन्याने आखलेली, नारिंगी शंकूंमधून वळत जाणारी वाट. ऑटोक्रॉस म्हणजे एवढेच: एका वेळी एक गाडी, शेजारी प्रतिस्पर्धी नाही, स्पर्धा फक्त घड्याळाशी. गाड्या रोजच्या वापरातल्या. चालवणारे कारखान्यात, बँकेत, दुकानात राबणारे. या हौशी मंडळींच्या क्लबाने राहतवर सुरक्षेची जबाबदारी सोपवली होती आणि ती घेताना तिने एकच अट घातली होती: मी थांबा म्हणाले की सगळे थांबेल.

आज तिला थांबा म्हणायलाही अवधी मिळाला नव्हता. शेवटच्या सरळ पट्ट्यावर गाडी सुसाट आली आणि जिथे वेग मोडायचा तिथे तो मोडला नाही. उजवीकडे दोरीला खेटून उभी राहिलेली माणसे होती, खांद्यावर पोरे घेतलेली. डावीकडे टायरांची भिंत. पापणी लवावी एवढ्या वेळात गाडीचे नाक डावीकडे वळले. माणसांना चुकवून बद्रीनाथने स्वतःला त्या भिंतीच्या स्वाधीन केले होते. त्याचे ते वळण राहतला लख्ख दिसले होते, आणि मरेपर्यंत दिसत राहणार होते.

तेवढे स्वच्छ होते. बाकीचे नव्हते. खिडकीतून आत वाकून माणूस बाहेर काढणाऱ्या इलियासभाईंना, चाकाच्या आतल्या बाजूचा नट ढिला आहे हे दिसले कसे?

२

बद्रीनाथला शुद्ध आली, त्याचा जीव वाचणार हे नक्की झाले, तेव्हाच राहत माळावर परतली. ऊन कलले होते. गाडी ओढून पत्र्याच्या शेडमध्ये ठेवली होती आणि तिच्याभोवती क्लबाचे सचिव नानासाहेब येरझारा घालत होते. बियाण्यांचे व्यापारी, बोलणे मोठे, मन त्याहून मऊ.

"नट ढिलाच आहे, डॉक्टरसाहेब. या, डोळ्यांनी बघा. उद्या संध्याकाळी सभा ठेवलीय. इलियासला सगळ्यांसमोर काढणार. वाईट मलाही वाटतंय, पण काढणार."

"मग त्यांच्या गॅरेजचं काय?"

"गॅरेज नावावर चालतं. ज्यानं ब्रेक ढिला सोडला त्याच्याकडे कोण आपल्या लेकराबाळांची गाडी नेईल? नाव गेलं की राहिले नुसते पाने अन् जॅक."

"आणि मी सुरक्षेची प्रमुख म्हणून यावर मान डोलवायची."

"तोच कबूल करतोय, बाई! आपण काय वेगळं करायचं?"

राहत गुडघ्यांवर बसली. डाव्या चाकाच्या आत दिवसभराची तांबूस धूळ जाड बसली होती. नटापासून निघालेला तेलाचा एक ओघळ त्या धुळीवरून सरळ खाली उतरला होता. तिने अलगद, वरवर बोट लावले. बोट चकाकले, पण त्याला चिखल लागला नाही.

तिने बोट उजेडात धरले. गाडी धावत असताना तेल गळते, तर फिरत्या चाकाने ते चौफेर उडवले असते, आणि उडत्या मुरमाने त्यावर बसून त्याचा राप केला असता. इथे तेल धुळीवर होते. तेलावर धूळ नव्हती. ओघळही एकच, गपगार उभ्या चाकावरचा.

तिने दार उघडून आत डोकावले. पॅडलच्या बिजागरीत दोन-तीन तपकिरी धागे अडकले होते. सीटच्या खालच्या लोखंडी दांडीला लाल कापडाची गाठ होती. गाठीपुढचे कापड फाटलेले.

"रक्त नाही ना ते?" नानासाहेबांनी विचारले.

"नाही. कापड आहे."

"असेल काहीतरी. जुनी गाडी, दहा हात फिरलेली."

राहत उभी राहिली. नट अपघाताआधी नव्हे, अपघातानंतर कुणीतरी सोडला होता. आणि सोडणारे हात इलियासभाईंचेच असतील, तर हा माणूस स्वतःच्या गळ्यात स्वतःच्या हाताने फास का अडकवत होता?

३

"शर्यतीआधी गाडी कुणी तपासली, नानासाहेब?"

"मी. स्वतः. आत एकही सुटी वस्तू ठेवली नाही. पाण्याची बाटली काढली, कॅसेटी काढल्या, गणपती डॅशबोर्डला पक्का चिकटवलेला, तरी हलवून बघितला. देवाची माफी मागून!"

"त्यानंतर?"

"त्यानंतर दोरी बांधली. दोरीच्या आत कुणी नाही. चालवणारा अन् गाडी, बस."

"नक्की कुणी नाही?"

"चिटपाखरू नाही, बाई. या पांढऱ्या केसांची शपथ."

दुसऱ्या दिवशी सकाळी राहत सिटी चौकातल्या हिमरू शालींच्या दुकानात गेली. शफीक तिथे वडिलांच्या गल्ल्यामागे बसत असे. बद्रीनाथचा तो एकमेव खरा प्रतिस्पर्धी, आणि म्हणूनच कालपासून शहराच्या अर्ध्या जिभांवर त्याचेच नाव होते.

"आइए डॉक्टर आपा. शाल दाखवू, का हातकड्या आणल्यात?"

"तू अपघातानंतर गाडीपाशी गेला होतास, असं चार जण सांगतात."

"गेलो होतो ना. बद्रीचं हेल्मेट आणायला. तुमच्या गाडीत त्याला घातलं, तरी गुंगीत सारखं 'माझं हेल्मेट, माझं हेल्मेट' करत होता. येडा आहे." शफीकने गल्ला लोटून बंद केला. "आपा, मला त्याला हरवायचंय. पण तो उभा असताना."

"ब्रेकबद्दल काय वाटतं?"

"सकाळच्या फेरीत त्यानं मला हरवलं ते ब्रेकवरच. मी जिथं घाबरून पाय दाबतो, त्याच्या दोन शंकू पुढं जाऊन तो दाबतो. ढिल्या नटावर असं कुणी करतं? जेवणाच्या सुट्टीपर्यंत गाडी ठणठणीत होती."

"हेल्मेट आणायला गेलास तेव्हा चाकापाशी कोण होतं?"

शफीकने समोरच्या शालीची घडी मोडली आणि पुन्हा घातली.

"ते नका विचारू. ज्यानं मला पाना धरायला शिकवलं, त्याच्याबद्दल माझं तोंड उघडणार नाही."

न उघडलेल्या तोंडाने सांगायचे ते सांगून टाकले होते. इलियासभाईंनीच नट सोडला होता, आणि ब्रेक नटामुळे गेला नव्हता. मग गाडी थांबली का नाही?

४

रुग्णालयात बद्रीनाथचा उजवा पाय प्लास्टरमध्ये होता.

"मॅडम, शेवटचं वळण आठवतंय. त्याच्यापुढं कोरं. कुणाला लागलं तर न्हाई ना?"

शुद्धीवर आल्यापासून त्याने हा प्रश्न प्रत्येकाला विचारला होता. "तुझ्याशिवाय कुणाला नाही," राहत म्हणाली, आणि तिने खिडकीच्या उजेडात एक्स-रे धरला. बोटांच्या मागची हाडे मोडली होती. सगळ्या बळानिशी दगडावर लाथ घालावी तशी.

तेल गळाले की पॅडलमधला दम जातो. पाय लोण्यात सुरी जावी तसा तळाला जातो. लोण्यावर कुणाचा पाय मोडत नाही. बद्रीनाथच्या पायाखाली पॅडल होते, पण ते खाली जायला तयार नव्हते. त्याच्यामागे काहीतरी टणक अडकले होते. आणि नानासाहेबांच्या शपथेनुसार गाडीत सुटी वस्तू नव्हती, दोरीच्या आत चिटपाखरू गेले नव्हते.

बाहेर बाकावर बद्रीनाथची आई बसली होती. आवडाबाई, देवगाव रंगारीची. सगळे तिला आक्का म्हणत. मांडीवर फडक्यात बांधलेले ओवाळणीचे ताट, अंगठ्यावर कालचे कुंकू.

"चहा घेतला का, आक्का?"

"पोराच्या पोटात अन्न गेलं की घ्येईन. बाई, तुमचं लई उपकार. आन् त्या वरच्याचं. त्यानं राखलं म्हून राहिला."

"हे ताट?"

"दुपारच्या यष्टीनं आले, दुसऱ्या फेरीआधी ववाळलं. गाडीला बी, लेकराला बी. नानासाहेब भला मानूस. सोत्ता दोरी वर धरली, म्हनला, या आक्का, आईला कोन अडवतंय."

राहतने डोळे मिटून घेतले. चिटपाखरू नाही, असे नानासाहेब म्हणाले होते, आणि ते खोटे बोलत नव्हते. ओवाळायला आलेली आई ही त्यांच्या लेखी कुणी आत जाणे नव्हतेच. पहाटेचा कोंबडा आरवतो म्हणून कुणी घरात पाहुणा आला असे म्हणत नाही, तसे.

"ताटात नारळ नव्हता, आक्का?"

आवडाबाईंनी झटकन पदर सावरला. "नवसाचं इचारू नये, बाई. बोललं की त्याचं बळ उतरतं." मग जरा थांबून, आवाज खाली आणून: "गाडी कुठं ठिवली हो? आत माझं एक... ऱ्हाऊ द्या. बरा हून चालला की मंग बघू."

राहतला सीटखालची लाल गाठ आठवली, बिजागरीतले तपकिरी धागे आठवले, आणि रुग्णालयाचा तो पांढरा बोळ एकाएकी फार लांब वाटू लागला. लेकाला राखले म्हणून ही बाई ज्या नवसाला हात जोडत होती, त्याच नवसाच्या नारळाने त्याचा पाय अडवला होता.

पण तो नारळ गाडीत नव्हता. तो आता कुठे होता?

५

रोशन गेटजवळच्या गॅरेजचे शटर अर्धे खाली ओढलेले होते. इलियासभाई पाने पुसून एकेक करून पेटीत ठेवत होते, कायमचे आवरावे तसे. साठीकडे झुकलेला, दाढीत पांढरे उतरलेला हा माणूस राहतच्या वडिलांचीही गाडी दुरुस्त करत आला होता.

"आओ आपा. चहा सांगू?"

"नक्को, इलियासभाई." ती उभीच राहिली. मागच्या भिंतीतल्या कोनाड्यात, ऑइलचे डबे बाजूला सारून, एक धुतलेला रुमाल अंथरला होता. त्यावर नारळ. शेंडी एका बाजूने सपाट, कुंकवाची पाच बोटे, आणि करवंटीवर एक खोल, सरळ खाच.

"मी तो गाडीत नेऊन पॅडलमागं ठेवला, तर त्या लोखंडाची कड या खाचेत बरोबर बसेल," राहत सावकाश म्हणाली. "आक्कांनी तो लाल कापडात सीटखाली बांधला. मुरमाच्या धक्क्यांनी कापड फाटलं. बद्रीनं सरळ पट्ट्याच्या शेवटी वेग कमी करायला ॲक्सिलरेटरवरून पाय काढला तेव्हा नारळ पुढं घरंगळला आणि ब्रेकच्या पॅडलमागं बसला. तुम्ही त्याला बाहेर काढायला वाकलात, तेव्हा तुम्हाला तो दिसला. तुम्ही तो तुमच्या अवजारांच्या झोळीत टाकला, आणि वर आलात ते खोटं घेऊनच. नट तुम्ही नंतर सोडलात. धुळीवर तेल आलं, इलियासभाई. आधी असतं तर तेलावर धूळ बसली असती."

इलियासभाईंनी हातातला पाना खाली ठेवला.

"धूळ पुसायला पाहिजे होती," ते म्हणाले. "जिंदगीभर लोकांना सांगत आलो, काम करायच्या आधी पुसून घ्या."

"नारळ फेकून दिला असता तर मला काहीच सापडलं नसतं."

"कैसे फेकूं? कुणाच्या तरी देवाचा आहे." मग त्यांचा आवाज बदलला. "आपा, दोन सालापूर्वी तिचा थोरला गेला. कन्नडच्या रस्त्यावर, मोटरसायकल. मय्यतीला गेलो होतो मी. लोक काय बोलले, मालूम? बाईचा पायगुण खराब म्हणे. तेव्हा गाव बोललं, ती सहन करून गेली. आता ती स्वतःच स्वतःला बोलेल. ते नाही सहन होत कुणाला. मेरा क्या, म्हातारा झालो, गॅरेज बंद. ती भाकर बांधून माझ्यासाठी पाठवते हो, बद्रीच्या हाती."

राहत पेटीच्या कडेवर बसली. या माणसाने आपले आयुष्यभराचे नाव एका क्षणात, हिशेब न मांडता, एका परक्या आईच्या झोपेसाठी देऊन टाकले होते. तिकडे त्याच क्षणाच्या अलीकडे एका पोराने स्टेअरिंग डावीकडे वळवले होते. एका माळावर, एकाच धुळीत, दोन माणसे इतकी मोठी झाली होती. आणि तिला त्यांतल्या एकाचे मोठेपण मोडायचे होते.

"पुढच्या आईचं काय करायचं?" तिने विचारले.

"कोणती पुढची?"

"पुढच्या वेळी जी सीटखाली नारळ बांधेल ती. किंवा ताईत ठेवलेला डबा, किंवा मक्केहून आणलेली झमझमच्या पाण्याची बाटली. आपल्याकडे कोण मोकळ्या हातांनी लेकराला धाडतं? खरं कारण झाकून ठेवलं, तर सगळे नट आवळत बसतील, आणि पुढचा बद्री उजवीकडे वळेल."

इलियासभाईंनी रुमालाची टोके नारळाभोवती गुंडाळली.

"मग तुम्ही सांगा," इलियासभाई म्हणाले. "माझ्याच्यानं नाही होणार."

६

रुमालासकट नारळ मांडीवर ठेवल्यावर आवडाबाईंनी तो लगेच ओळखला. राहतने सगळे सांगितले, एकही शब्द मऊ न करता. मऊ शब्दांनी फसवणूक होते हे ती रोज शिकत होती. आवडाबाई अंगठ्याने खाच चाचपत राहिल्या. एकदा, दोनदा, पुन्हा.

तोंडातून हुंदका आला नाही. आला तो राग.

"मला यवढी कच्ची समजला व्हय त्यो इलियास?"

"आक्का, त्यांना वाटलं—"

"थोरल्याला ह्या हातांनी शेवटचं पानी पाजलंय म्या. गाव काय काय बोललं, ऐकून घ्येतलं, आन् दुसऱ्या दिशी खुरपायला गेले. माझ्या चुकीचं वझं त्यानं का उचलावं? माझं हाय. मला झेपंल." डोळे भरले, पण वाहिले नाहीत. "सभा कवा हाय?"

संध्याकाळी नानासाहेबांच्या गोदामात, बियाण्यांच्या पोत्यांमध्ये मांडलेल्या खुर्च्यांवर क्लब जमला. नानासाहेबांनी घसा साफ केला आणि तेवढ्यात आवडाबाई आत आल्या. त्यांनी टेबलावर नारळ ठेवला.

"ह्यो माझा. गाडीत म्या बांधला. लेकराच्या पायाखाली ह्योच आला. हा मानूस," त्यांनी मागे मान खाली घालून बसलेल्या इलियासभाईंकडे बोट केले, "हा धादांत खोटं बोललाय. त्याला काय शिक्षा द्यायची ती द्या, पर नाव घ्यायचं तर माझं घ्या."

सगळ्यांत आधी शफीक उठला आणि इलियासभाईंच्या शेजारी जाऊन बसला. मग एकेक खुर्ची सरकू लागली.

नानासाहेबांचा चेहरा पडला होता. "दोरी मी उचलली," ते म्हणाले. "मीच विसरलो की मी उचलली. पण आक्का, तुम्हीच सांगा, ताट घेऊन आलेल्या आईला अडवायचं कसं?"

"अडवायचं," आवडाबाई म्हणाल्या. "आईलाच आधी अडवायचं."

७

मार्चमधल्या शर्यतीत दोरी दुप्पट लांब मागे गेली होती आणि तिच्यापाशी काठी टेकत, हातात लाल निशाण घेऊन, बद्रीनाथ उभा होता. लोक जरा पुढे सरकले की तो ओरडे, "मागं व्हा, काका! दुसरा पाय शिल्लक ठिवायचाय मला!"

फाटकापाशी एक टेबल होते. गाडी तपासणीला जाण्याआधी तिथे थांबायची. आवडाबाई तिथेच ओवाळायच्या, आणि मग हात पुढे करायच्या. ताईत, लिंबे, अंगाऱ्याच्या पुड्या, आजोबांचा फोटो, सगळे टेबलावर येई.

शफीकने आरशाला अडकवलेली जपाची माळ, तसबीह, काढून दिली. "सांभाळा हं, आक्का. अम्मीची आहे."

"माझ्या नारळाशेजारी ठिवते. भांडायची न्हाईत."

राहतने प्रत्येक गाडीत वाकून पाहिले. सीटखाली मोकळी जमीन. तिने मान हलवली की घड्याळ सुरू होई.

सगळ्या फेऱ्या बिनधोक संपल्यावर बद्रीनाथने काठी दोरीच्या खांबाला टेकवली आणि माळावरून फाटकापर्यंत एकटा चालत आला. आवडाबाईंनी तोच खाचेचा नारळ उचलून दगडावर आपटला. आत पाणी उरले नव्हते. खोबरे सुटून त्याचा गोटा झाला होता. पहिला तुकडा त्यांनी देवाच्या नावाने बाजूला काढला, आणि दुसरा इलियासभाईंच्या हातावर ठेवला.

इलियासभाईंनी तो तोंडात टाकला. चेहरा वाकडा झाला.

"आक्का, खवट निघालंय."

"खा मुकाट्यानं," आवडाबाई म्हणाल्या. "खोटं बोलायची शिक्षा हाय ती."

इलियासभाईंनी सगळा तुकडा खाल्ला, आणि आणखी मागितला.